आधीपासूनचं दुखणं

सोमवार, ८ जुलै २०२४

विमा कंपनीचं चौथं पत्र आलं. पैसे भरल्याची मूळ पावती जोडावी, त्याशिवाय दाव्याचा विचार होणार नाही. पत्र इंग्रजीत आहे, पण वाक्य माझंच आहे. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत मी कर्मचाऱ्यांची औषधपाण्याची बिलं तपासली. लाल शाईने हा शेरा किती हजार कागदांवर मारला असेल, देव जाणे. वाचून आधी हसू आलं आणि मग राग.

आमच्या शाखेत एक पद्धत होती. फाइल परत करायची ती एका वेळी एकच त्रुटी दाखवून. सगळ्या एकदम दाखवल्या तर माणूस गांगरतो, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. पहिली पुरी करून आला की दुसरी. या कंपनीतही कुणीतरी आमच्याच तालमीत तयार झालेला दिसतो.

दावा तसा सरळ आहे. फेब्रुवारीत आम्ही दोघं अभिजीतकडे मस्कतला गेलो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या इमारतीखालच्या दुकानात दूध घेताना छातीत कळ आली आणि मी तांदळाच्या पोत्यावर बसलो तो उठलोच नाही. इस्पितळात नेलं, रक्तवाहिनीत स्टेंट घातला, आठ दिवस ठेवून घेतलं. निघताना मी प्रवासाचा विमा काढला होता, फॉर्मचा प्रत्येक रकाना स्वतःच्या हाताने भरला होता. तरी कंपनीने तिथे परस्पर पैसे भरले नाहीत. "त्यांचं नुसतं आज-उद्या चाललं होतं बाबा, म्हणून मीच भरले. तुम्ही सुरतेला जाऊन मागून घ्या," असं अभिजीत म्हणाला. नऊ लाख सत्तर हजार.

बिल त्याने पाठवलं, पावती काही पाठवत नाही. बिल वेगळं, पावती वेगळी. हे माझ्या मुलाला कळू नये?

संध्याकाळी कुरिअर करायला खाली उतरलो. सुनंदा सोबत आलीच. येताना भेस्तानमधल्या आमच्या इमारतीचे तीन मजले चढायला तिचा नेहमीचा अर्धा तास. प्रत्येक वळणावर गुडघा धरून उभी राहते. हिला घरी ठेवून जावं तर तेही चालत नाही.

शुक्रवार, १९ जुलै

अभिजीतला फोन केला. पावती मिळेल म्हणाला, "त्यांच्या अकाउंट्सवाल्यांना सांगितलंय." मी त्याला म्हटलं, अरे, पैसे भरले त्याच क्षणी काउंटरवर पावती मिळते, ती कुठे आहे? तर म्हणे मीटिंग आहे.

गणपतीलाही येत नाही. जळगावच्या मुलीकडचे लोक त्याला बघायला येणार होते, सुनंदाने सगळं ठरवलं होतं. चौतिसावं सरत आलं आहे याचं. मी रागावून बोललो. सुनंदाने फोन हातातून घेतला आणि विचारलं, "तुला बरं आहे ना?" एवढंच.

रविवार, ४ ऑगस्ट

काल सुनंदाला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. चार वर्षांपासून ऐकतोय गुडघा, गुडघा. ती येतच नव्हती, मीच हट्टाने नेलं. फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, "बहेन, या वयात एवढे चांगले गुडघे मी पाहिलेले नाहीत." तिने मान खाली घातली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, अगं, मग दुखतं काय? म्हणाली, "फोटोत काय सगळं दिसतं का?"

घरी येताना पहिल्याच वळणावर पुन्हा थांबली. मीही थांबलो, दुसरं काय करणार. भाजीची पिशवी मात्र माझ्याकडे देत नाही. दुखणाऱ्या गुडघ्याने पाच किलो ओझं वाहायचं आणि मी मोकळ्या हाताने मागून चालायचं. लोक काय म्हणत असतील.

बुधवार, २१ ऑगस्ट

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

दुपारी योगेंद्र आला. हा अभिजीतच्या खोलीतला, मूळचा चलथाणचा, वडील साखर कारखान्यात होते. पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आला आहे. अभिजीतने त्याच्या हाती खजुराचा डबा आणि इस्पितळाची फाइल पाठवली होती. चहा झाला. मी फाइल उघडून पानं मोजली. पावती नव्हती. मी म्हटलं, "अहो योगेंद्र, तुम्हीच सांगा, माणूस एवढे पैसे भरतो आणि पावती हरवतो?"

त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, "काका, अभिजीतने तुम्हाला सांगितलं नाही अजून?"

पूर्ण पैसे भरलेलेच नाहीत. कंपनीने तिथेच नकार दिला होता. मला सोडायला इस्पितळ तयार नव्हतं, तेव्हा अभिजीतने दोन महिन्यांत भरतो म्हणून हमी लिहून दिली आणि आम्हाला विमानात बसवलं. जवळ होते ते दोन लाख भरले. बाकीचे जमले नाहीत. इस्पितळाने तक्रार केली. आता ते फिटेपर्यंत त्याला तो देश सोडता येत नाही. विमानतळावरून परत पाठवलं त्याला जूनमध्ये. म्हणजे तो येत होता. आम्हाला न सांगता येत होता.

"नोकरी आहे ना?" सुनंदाने विचारलं.

"नोकरी आहे काकी. पण करार डिसेंबरात संपतो. मग नोकरी नाही आणि घरी पण जाता येत नाही, असं होईल."

योगेंद्र गेल्यावर मी पुन्हा फाइल चाळली. पैसे भरल्याशिवाय पावती नाही. पावतीशिवाय विम्याचे पैसे नाहीत. विम्याचे पैसे आल्याशिवाय भरायला काही नाही. माझ्या पेन्शनीवर कर्ज काढून तिसरा हिस्साही होत नाही आणि हा फ्लॅट अजून बँकेकडे गहाण आहे, तोही अभिजीतच्याच शिक्षणापायी. असे अर्ज माझ्या टेबलावर यायचे. मी त्यांना शेरा मारून परत पाठवायचो आणि पाच वाजता डबा धुऊन घरी यायचो.

गुरुवार, २२ ऑगस्ट

झोप नाही. कंपनीने तिथे नकार का दिला ते फाइलच्या सातव्या पानावर आहे. इंग्रजीत दोन ओळी. रुग्णाने स्वतः सांगितले की चालताना व चढताना छातीत दुखण्याचा त्रास चार वर्षांपासून आहे.

सांगितलं होतं मी. त्या खाटेवर, सुनंदा बाहेर असताना. मला वाटलं मी मरतो आहे. मरताना माणूस डॉक्टरला खरं सांगतो.

चार वर्षं झाली. पहिल्यांदा कोरोनाच्या साली, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर. थांबलं की बरं वाटायचं. कुणाला सांगितलं नाही. सुनंदा घाबरली असती, अभिजीत नोकरी सोडून आला असता. आणि थांबायला निमित्तही मिळत गेलं, कारण त्याच सुमारास सुनंदाचा गुडघा सुरू झाला. देवाने तेवढी सोय केली.

विम्याच्या फॉर्मवर रकाना होता, आधीपासूनचं काही दुखणं आहे काय? मी "नाही" लिहिलं. डॉक्टरने ज्याला नाव दिलेलं नाही ते दुखणं नव्हे, असा मी त्याचा अर्थ लावला. दुसऱ्या कुणी असा अर्थ लावला असता तर मी त्याची फाइल सतरा वेळा परत केली असती.

रात्री अभिजीतशी बोललो. तो म्हणाला, "बाबा, मी ते सातवं पान वाचलं होतं. आईला दाखवायचं नाही एवढंच डोक्यात होतं." मी म्हटलं, "मूर्खा, मला तरी सांगायचं." तर म्हणाला, "तुम्ही सांगितलंत का?"

सुनंदाला मी अजून सांगितलेलं नाही. कंपनी कागदपत्रांवरून अडली आहे एवढंच तिला माहीत आहे.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

रिंगरोडवरच्या कंपनीच्या ऑफिसात आज तिसरी खेप. दावे बघणारी उज्ज्वला नावाची मुलगी आहे, आपल्या धुळ्याकडची, पण वाढलेली इथली. "काका, तमे बेसो ने," म्हणून खुर्ची देते. पूर्ण पैसे भरलेलेच नाहीत हे तिला सगळं सांगितलं. तिने साहेबांना विचारलं. दावा मंजूर झाला तर कंपनी परस्पर इस्पितळाला पैसे पाठवेल, पावतीची गरज नाही. माझा श्वास मोकळा झाला. मग तिने पुढची त्रुटी काढली.

सातवं पान. "तिथल्या डॉक्टरची लिहिण्यात चूक झाली असेल, असं होतं काका. पण मग आम्हाला दोन कागद लागतील. फॅमिली डॉक्टरचं सर्टिफिकेट, की आधी काही त्रास नव्हता. आणि काकींचं शपथपत्र."

"तिचं कशाला?"

"घरात राहणारं माणूस ना. त्यांना माहीत असणारच."

फॅमिली डॉक्टरने दहा मिनिटांत लिहून दिलं. त्यांच्याकडे मी सर्दी-तापाशिवाय कधी गेलोच नाही. कागद खरा आहे. इतका खरा कागद मी घडी करून, लपवल्यासारखा, खिशात घातला.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

शपथपत्र झालं.

कोर्टाबाहेर वाल्मिक बसतो. आमच्या कचेरीत शिपाई होता, आता टेबल टाकून शपथपत्रं लिहून देतो. नवागामहून सायकलवर येतो अजून. मला बघून उठला. "साहेब, या, बसा. हाई काम मन्हाकडे सोडा." कागद वाचून झाल्यावर तो म्हणाला, "साहेब, आठवस का? उषाबाईना ऑपरेशननं बिल तुम्हीनच परत धाडेल होतं. चार दाव." उषाबाई त्याची बायको. चार वेळा परत केलेलं ते बिल मला आठवत नव्हतं. मी "हो" म्हटलं. त्याने टायपिंगचे पैसे घेतले नाहीत, हे मला फार लागलं.

मजकूर असा की मी, सुनंदा, पतीसोबत अडतीस वर्षं एकत्र राहते, मार्च महिन्यापूर्वी त्यांना छातीचा कोणताही त्रास झाल्याचे मला माहीत नाही. सुनंदाने दोनदा वाचलं. मग वाल्मिकला विचारलं, "भाऊ, हे खोटं निघालं तर काय होतं?"

"वहिनी, खोटं कसं निघी? तुम्ही खोटं बोलणार्‍या शे का?"

बिचारी कोर्टाच्या कागदाला घाबरते. मी म्हटलं, अगं, तुला जे माहीत आहे तेच लिहिलंय, सही कर. ती माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. मला वाटलं चष्मा लागत नाही. मग "अभिजीत येईल ना यानं?" असं विचारून तिने सही केली, आडनावापर्यंत, नीट.

तिच्या हातून मी खोटी सही घेतली, आणि तिला ते ठाऊकही नाही. सांगितलं असतं तर तिने सही केली नसती आणि पोरगा तिकडे अडकला असता. सांगितलं नाही. एकतीस वर्षांत एक खोटं बिल मी पास केलं नाही, आणि केलं ते हे, स्वतःचं.

मंगळवार, १ ऑक्टोबर

उज्ज्वलाचा फोन. समितीपुढे फाइल दिवाळीच्या आसपास जाईल. तोवर कंपनीचा माणूस चौकशी करून जाईल, आजूबाजूच्या दवाखान्यांतही विचारेल. "रुटीन छे काका."

बुधवार, ९ ऑक्टोबर

आज दुखलं. दुसऱ्या मजल्याच्याही आधी, पहिल्याच वळणावर. डाव्या हातातही गेलं. स्टेंट घातल्यापासून पहिल्यांदाच.

दवाखान्यात जाता येणार नाही. गेलो की केसपेपर होणार, केसपेपरवर कधीपासून हा रकाना असणारच. चौकशीचा माणूस तोच पेपर काढेल. निकाल लागेपर्यंत छातीने गप्प बसावं एवढंच मागणं आहे. हे इथे लिहितो आहे म्हणजे हाही एक कागदच झाला. वही आता धान्याच्या कोठीमागे ठेवतो.

रविवार, १३ ऑक्टोबर

जिना उतरणं बंद केलं. दूध सुनंदा आणते. विचारते, फिरायला का जात नाही? म्हटलं, कंटाळा.

शनिवार, १९ ऑक्टोबर

रोज दुखतं. जिभेखालची गोळी मस्कतहून आणलेली होती, ती पुरवून वापरतो. अर्धी करून.

चौकशीचा माणूस काल येऊन गेला, सभ्य होता, सुनंदाने त्याला पोहे दिले. "काकींचं तर एकदम क्लिअर आहे," म्हणाला. तो खाली गेल्यावर सुनंदा स्वयंपाकघरात भांडी घासत बसली, घासलेलीच भांडी.

अभिजीतला सांगितलं की बहुतेक होतंय. तो इतका हसला की मला भरून आलं. म्हणाला, "तिकीट बघून ठेवू का बाबा?" बघून ठेव म्हटलं. बारा-पंधरा दिवस. तेवढं काढता येईल.

रविवार, २७ ऑक्टोबर

हे इस्पितळातून लिहितो आहे. वही सुनंदाने आणून दिली. कोठीमागे असते हे तिला कसं माहीत, ते मी विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी पोस्टमन खालूनच हाक मारत होता. वाटलं, निकालच आला. सुनंदा आंघोळीला गेली होती. मी उतरलो. विजेचं बिल होतं. परत चढताना पहिलं वळण गेलं आणि दुसऱ्यावर मी भिंतीला धरून खाली बसलो. घाम इतका की डोळ्यांत जात होता. सुनंदा ओल्या केसांनी धावत खाली आली. मी तिला चार वर्षांत जिन्यावर धावताना पाहिलं नव्हतं.

"ॲसिडिटी आहे," मी म्हटलं.

"चला. दवाखान्यात."

"सुनंदा, निकाल आठवड्यावर आलाय. अभिजीतचं—"

"मला अभिजीत सांगू नका," ती ओरडली. शेजारचं दार उघडलं. शेजाऱ्यानेच मला रिक्षापर्यंत नेलं.

इथे तरुण डॉक्टर होता. ईसीजीची पट्टी काढली, बघितली, आणि मला विचारलं, "काका, हे दुखणं स्टेंटच्या आधीचं आहे की आत्ता नवीन? नीट सांगा, पुढचं त्यावर ठरवायचंय."

"नवीन," मी म्हणालो. "आधी कधीच नव्हतं."

सुनंदा खाटेच्या पायाशी उभी होती. "चार वर्षं झाली," ती म्हणाली.

मी म्हटलं, "तिला काय माहीत."

"चढताना दुखतं," ती डॉक्टरलाच सांगत होती, माझ्याकडे न बघता. "थांबलं की कमी होतं. डाव्या हातात जातं, मग हे पिशवी उजव्या हातात घेतात. म्हणून पिशवी मीच घेते. आधी महिन्यातून एखाद्या वेळी, गेल्या वर्षी रोजचंच झालं होतं. मला सांगत नाहीत. मी वळणावर थांबते म्हणून हे थांबतात, नाहीतर तसेच चढतील. माझ्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही. तुम्ही लिहा. चार वर्षं, असं लिहा."

डॉक्टरने लिहिलं. मी ते पेन हलताना बघत होतो. वाटलं उठून हात धरावा त्याचा. उठता येत नव्हतं.

त्याच दुपारी तपासणी झाली. आणखी दोन वाहिन्या जवळजवळ बंद होत्या, आणि त्या आजच्या नाहीत म्हणाले. त्या उघडल्या. याचे पैसे तिच्या बांगड्यांतून आले आहेत, हातांकडे बघून कळलं.

काल मी तिला विचारलं, मग सही का केलीस? म्हणाली, "पोरगा माझा नाही का?" थोड्या वेळाने म्हणाली, "वाटलं, तुम्ही तिथेच वाल्मिकसमोर सांगाल. थांबले होते मी." मला चष्म्याचं वाटलं होतं.

उज्ज्वलाला तिने स्वतःच फोन करून शपथपत्र परत घेते म्हणून सांगितलं. उज्ज्वला "काकी, लेखी द्यावं लागेल" म्हणाली. तेही सुनंदा देऊन आली, रिक्षाने एकटी जाऊन. दावा संपला.

आज सकाळी अभिजीतला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. त्याने तिकीट बघून ठेवलं होतं, पाच तारखेचं. सुनंदाने काहीच झाकलं नाही. माझं काय झालं, तिने डॉक्टरला काय सांगितलं, कंपनी आता काय करणार. मग म्हणाली, "अभि, तुला अजून थांबावं लागेल. किती ते मला माहीत नाही. वर्षही लागेल. तू तरुण आहेस, तुला थांबता येईल. यांना थांबता येणार नव्हतं."

पलीकडे कुठेतरी गाड्या चालत होत्या. फोन कट झाला असं वाटून सुनंदाने स्क्रीनकडे बघितलं. मी भिंतीकडे तोंड केलं. माझा मुलगा तिथे अडकला आहे तो माझ्या छातीमुळे, आणि इथे मी मऊ गादीवर पडून आहे, हे मला कुठल्याही रकान्यात बसवता येईना.

मग त्याने विचारलं, "बाबा जेवले का?"

सुनंदाने फोन माझ्या तोंडाजवळ धरला. मी "हो" म्हणणार होतो. ती बघत होती.

"नाही रे," मी म्हटलं. "अजून जात नाही."